उत्सर्जन चाचणीत मार्जिन किती ठेवायचं: मोठ्या संख्येने बनणाऱ्या उपकरणांसाठी

उपकरणातून निघणारा विद्युतचुंबकीय गोंगाट मर्यादेच्या किती खाली ठेवायचा, म्हणजे मार्जिन किती डीबी (डेसिबल), यावर "सहा डीबी ठेवा" हे उत्तर जवळपास प्रत्येक डिझाइन रिव्ह्यूमध्ये ऐकू येतं. सहाच का, चार का नाहीत, असं विचारलं तर "आधीच्या प्रॉडक्टला तेवढेच ठेवले होते" यापलीकडे फारसं काही निघत नाही. कंडक्टेड चाचणीत (तारेतून बाहेर जाणारा गोंगाट मोजताना) हे सहा डीबी बऱ्याचदा उगाच खर्च वाढवतात. रेडिएटेडमध्ये (हवेतून जाणारा गोंगाट मोजताना), तेही एकच प्रोटोटाइप मोजलेला असेल तर, तेवढे पुरतीलच असं नाही.

मार्जिनचा आकडा काढता येतो. त्यासाठी तीन गोष्टी वेगवेगळ्या हाताळाव्या लागतात: लॅबचं मोजमाप किती हलतं, एकाच लाइनवरून उतरलेली युनिट्स एकमेकांपासून किती वेगळी असतात, आणि पुढे पार्ट बदलत गेल्यावर पातळी कुठे सरकते. या तिन्हींची एकच मोट बांधली की मग "सहा" उरतात.

आधी मर्यादा नीट ठरवा

मल्टिमीडिया उपकरणांसाठी सिस्पर (रेडिओ हस्तक्षेपाची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती) ३२, क्लास बी (घरगुती वापराचा वर्ग), १० मीटर अंतरावर: ३० ते २३० मेगाहर्ट्झ ३० डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, त्यावर १ गिगाहर्ट्झपर्यंत ३७. तीन मीटरवर हेच ४० आणि ४७. एफसीसी (अमेरिकेचा दूरसंचार नियामक) पार्ट १५ क्लास बीच्या मर्यादा तीन मीटरवर ३०-८८ मेगाहर्ट्झला ४०, ८८-२१६ ला ४३.५, २१६-९६० ला ४६ आणि ९६० च्या वर ५४. म्हणजे २३० मेगाहर्ट्झच्या खाली सिस्पर कडक (८८ पर्यंत दोन्ही सारखे), आणि २३० ते ९६० मध्ये एफसीसी एका डीबीने कडक. माल दोन्हीकडे जाणार असेल तर प्रत्येक पट्ट्यात जी मर्यादा खालची, तिच्यापासून मार्जिन मोजा. हा एक डीबी क्षुल्लक वाटतो, पण पुढच्या हिशोबात तेवढ्यावर निकाल फिरतो.

कंडक्टेडमध्ये क्लास बीला क्वासी-पीक (वारंवार येणाऱ्या शिखरांना जास्त वजन देणारं वाचन) मर्यादा १५० ते ५०० किलोहर्ट्झ ६६ वरून ५६ वर उतरते, ५ मेगाहर्ट्झपर्यंत ५६ राहते आणि पुढे ३० मेगाहर्ट्झपर्यंत ६०. अॅव्हरेज (सरासरी वाचनाची) मर्यादा सगळीकडे १० डीबीने खाली. स्विचिंग सप्लायचे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल) अरुंद आणि सलग असतील तर क्वासी-पीक आणि अॅव्हरेज वाचन जवळजवळ सारखं येतं, म्हणून आधी अॅव्हरेजची मर्यादा आडवी येते. रिपोर्टमध्ये फक्त क्वासी-पीकचं मार्जिन पाहून खूश होणारे इथेच फसतात. दोन्ही डिटेक्टरचं (वाचनाच्या रीतींचं) मार्जिन लिहा आणि त्यातलं लहान ते खरं माना.

८० टक्के युनिट्स, ८० टक्के खात्री

मोठ्या संख्येने बनणाऱ्या मालासाठी सिस्परची अपेक्षा अशी: किमान ८० टक्के युनिट्स मर्यादेच्या आत आहेत, असं किमान ८० टक्के खात्रीने म्हणता आलं पाहिजे. सांख्यिकीची ही बाजू सिस्पर १६-४-३ मध्ये आहे. सर्वांत उपयोगी रीत सोपी आहे: काही युनिट्स मोजा, सरासरी काढा, प्रमाण विचलन काढा (भागाकार युनिट्सच्या संख्येतून एक वजा करून), विचलनाला एका गुणकाने गुणून सरासरीत मिळवा. बेरीज मर्यादेपेक्षा जास्त नसेल तर पास. गुणक युनिट्सच्या संख्येवर ठरतो:

३ युनिट्स: २.०४
४ युनिट्स: १.६९
५ युनिट्स: १.५२
६ युनिट्स: १.४२
७ युनिट्स: १.३५
८ युनिट्स: १.३०
१० युनिट्स: १.२४
१२ युनिट्स: १.२०

एक उदाहरण सोडवून पाहू. २५० मेगाहर्ट्झचा हार्मोनिक, १० मीटर, मर्यादा ३७. पाच युनिट्सची वाचनं: ३५.९, ३३.१, ३६.४, ३४.०, ३६.६. पाचही सुटी पास. सरासरी ३५.२. फरकांचे वर्ग मिळवले की ९.७४, त्याला चाराने भागून वर्गमूळ घेतलं की विचलन १.५६. गुणक १.५२ लावून २.३७. सरासरीत मिळवा: ३७.५७. मर्यादा ३७. लॉट नापास.

आता यातलं ३३.१ वालं युनिटच प्रोटोटाइप म्हणून लॅबमध्ये गेलं असतं असं धरा. रिपोर्टवर ३.९ डीबी मार्जिन दिसलं असतं आणि टूलिंगला हिरवा कंदील मिळाला असता.

"आणखी युनिट्स मोजू म्हणजे गुणक कमी होईल" हा उपाय इथे चालत नाही. बारा युनिट्स मोजली आणि सरासरी व विचलन तेच राहिलं, तरी बेरीज ३७.०७ येते. पातळीच खाली आणायला हवी, आणि ती साधारण एक डीबीने उतरली तरी हा लॉट आरामात बसतो. किती खाली आणायचं हे कळणं हाच या हिशोबाचा मोठा फायदा.

वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवरचे आकडे एकत्र करू नका. मर्यादा फ्रिक्वेन्सीनुसार बदलते तिथे वाचनातून मर्यादा वजा करून आलेला फरक वापरा आणि पट्टा लहान लहान भागांत विभागून प्रत्येक भागाचा हिशोब स्वतंत्र ठेवा. सगळ्या युनिट्सना डिटेक्टर एकच हवा. दोन युनिट्स पीकवर "पास दिसतात म्हणून" सोडून दिली आणि तीन क्वासी-पीकवर मोजली, तर ते विचलन कशाचंच नसतं.

या रीतीत एक गंमत आहे. वरच्या पाचांतलं ३३.१ वालं युनिट आणखी शांत, समजा २५ चं, निघालं तर सरासरी ३३.५८ पर्यंत उतरते, पण विचलन ४.९ होतं आणि बेरीज ४१ वर जाते. चांगल्या युनिटमुळे लॉट आणखी जोरात नापास! हे चुकीचं वाटतं, पण असा आकडा दिसला की ते युनिट वगळायच्या आधी उघडून बघा. बहुतेक वेळा त्यात दुसऱ्या पुरवठादाराचा पार्ट, वेगळा फर्मवेअर किंवा वेगळ्या लॉटचा केबल असतो. मुळात दोन वेगळ्या जातींची युनिट्स एका ढिगात आली की सरासरी-विचलनाची रीत लागू होत नाही. प्रत्येक पुरवठादाराचा हिशोब वेगळा करा, किंवा मोजणीची रीत वापरा: ७ युनिट्समध्ये एकही नापास नको, १४ मध्ये एक चालेल, २० मध्ये दोन, २६ मध्ये तीन, ३२ मध्ये चार.

तीन ते सहा युनिट्सच हाताशी असतील तर १६-४-३ मध्ये तिसरी वाट आहे: विचलन ६ डीबी धरून सर्वांत वाईट युनिटवर जादा मार्जिन मागायचं. तीन युनिट्सना ३.८ डीबी, चारांना २.५, पाचांना १.५, सहांना ०.७. वरच्या उदाहरणात सर्वांत वाईट ३६.६ आहे, मार्जिन ०.४, म्हणजे या वाटेनेही नापासच.

युनिट्स कुठून उचलायची हेही ठरवून ठेवा. पायलट रनमधली सलग पाच युनिट्स घेतली तर सगळ्यांत एकाच रीळाचे कपॅसिटर आणि एकाच खोक्यातले चोक असतात. विचलन सुंदर येतं आणि त्याला काही अर्थ नसतो. निदान फिल्टरचे पार्ट, ट्रान्सफॉर्मर आणि मुख्य चिप यांचे वेगवेगळे डेट कोड (उत्पादनाच्या तारखा) आलेले असावेत.

लॅबचं हलणं वेगळं काढा

पाच युनिट्समधला फरक म्हणजे पाच युनिट्समधलाच फरक नव्हे. प्रत्येक वेळी केबल मांडण्यात जे बदलतं तेही त्यात मिसळलेलं असतं. म्हणून एकच युनिट घेऊन सेटअप पूर्ण मोडा, केबल काढा, पुन्हा जोडा, केबलची ३० ते ४० सेंटिमीटरची जुडी पुन्हा बांधा, ०.८ मीटरच्या टेबलावर पुन्हा मांडा आणि मोजा. असं पाच वेळा. त्याचं विचलन समजा ०.९ डीबी आलं, तर १.५६ च्या वर्गातून ०.९ चा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्या: १.२७ डीबी हा युनिट्सचा खरा फरक. उलट मांडणीचंच विचलन १.४ निघालं, तर बोर्डला हात लावू नका, केबलची मांडणी आधी फोटोसकट लिहून पक्की करा.

प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला कॉम्ब जनरेटर (अनेक फ्रिक्वेन्सींवर स्थिर पातळीचे सिग्नल देणारा स्रोत) ठरलेल्या जागी ठेवून वाचन घ्या. आधीच्या नोंदीपेक्षा एक डीबीहून जास्त फरक दिसला तर अँटेनाची केबल, प्रीअॅम्प आणि कनेक्टर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. युनिट १५ ते ३० मिनिटं चालू राहू द्या. थंड इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ईएसआर (आतला रोध) जास्त असतो, त्यामुळे पहिल्या मिनिटांतलं कंडक्टेड वाचन वेगळं येऊ शकतं.

हे झालं एकाच लॅबचं. दुसऱ्या लॅबमध्ये तेच युनिट किती वेगळं मोजलं जाईल याचा अंदाज मोजमापाच्या अनिश्चिततेवरून येतो. सिस्पर १६-४-२ मधली संदर्भमूल्यं अशी आहेत: १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ कंडक्टेडला, कृत्रिम मेन्स नेटवर्क वापरून, ३.४ डीबी, ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ रेडिएटेडला ६.३, १ ते ६ गिगाहर्ट्झला ५.२. लॅबची स्वतःची अनिश्चितता याच्या आत असेल तर वाचन थेट मर्यादेशी ताडलं जातं, काही मिळवावं लागत नाही. जास्त असेल तर जास्तीचा भाग वाचनात मिळवायचा.

म्हणजे अर्ध्या डीबीने पास झालेलं युनिट कागदावर पूर्ण पास आहे. पण उद्या बाजारातून उचललेलं युनिट दुसऱ्या लॅबने मोजलं, तर तिथे चार डीबी जास्त दिसणं हे दोन्ही लॅबच्या चुकीशिवाय होऊ शकतं. मार्जिन याच दिवसासाठी ठेवायचं असतं.

एकाच प्रोटोटाइपला किती

प्रोटोटाइप एकच असतो, पण त्याच कुटुंबातल्या आधीच्या प्रॉडक्टचं विचलन माहीत असतं. तेव्हा ८०/८० चाच हिशोब एका युनिटवर उतरवला की विचलनाच्या १.६८ पट मार्जिन लागतं: ०.८४ पट ८० टक्के युनिट्ससाठी, आणि ०.८४ पट खात्रीसाठी. त्यात लॅबचं हलणंही धरायचं असेल तर दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्या. हे मानकाने मागितलेलं नाही, घरच्या निर्णयासाठी आहे.

रेडिएटेडसाठी: युनिट्सचं विचलन १.५, लॅबची विस्तारित अनिश्चितता (विचलनाच्या दुप्पट) ५ डीबी, म्हणजे निम्मी २.५. एकत्र २.९. गुणिले १.६८, उत्तर ४.९ डीबी. पुढे पार्ट बदलतील म्हणून एक-दोन डीबी वर ठेवा, की सहा-सातच्या आसपास येता. "सहा डीबी" बहुधा याच भागातून आलं असावं.

कंडक्टेडसाठी: युनिट्सचं विचलन १.०, लॅबचे २.६, निम्मे १.३. एकत्र १.६४. गुणिले १.६८, उत्तर २.८ डीबी. इथे चार डीबी ठेवले तरी पुरे. सहाचा हट्ट धरून मोठा चोक टाकण्यापेक्षा तो पैसा आणि ती जागा रेडिएटेडकडे वळवलेली बरी.

आधीचं विचलन माहीत नसेल आणि सिस्परसारखं ६ डीबी धरलं, तर एका युनिटला नुसते युनिट्सच्या फरकापोटीच १० डीबी लागतात. पाच युनिट्स मोजण्याचा खर्च बहुतेक वेळा यापेक्षा स्वस्त पडतो.

पातळी कशामुळे सरकते

फिल्टरच्या कट-ऑफच्या वर क्षीणन एल (इंडक्टन्स) आणि सी (धारिता) दोन्हींच्या प्रमाणात बदलतं. एक्स कपॅसिटर २० टक्के कमी भरला तर १.९ डीबी गेले. कॉमन मोड चोकच्या इंडक्टन्सला डेटाशीटवर उणे ३० टक्क्यांपर्यंत सूट असणं नेहमीचं. तेवढा कमी भरला तर ३.१ डीबी गेले. कपॅसिटरची सूट डिफरेन्शियल मोडमध्ये (करंट एका तारेतून जाऊन दुसरीतून परततो) आणि चोकची कॉमन मोडमध्ये (दोन्ही तारांतून एकाच दिशेने जातो) दिसते, म्हणून दोन्ही सरसकट मिळवू नका. आधी अडचण कोणत्या मोडची आहे ते करंट प्रोबने (केबलभोवती बसवून करंट मोजणाऱ्या कडीने) बघा. क्लास टू सिरॅमिक कपॅसिटरवर डीसी व्होल्टेज पडलं की धारिता घटते, आणि ती किती घटते हे त्याच मूल्याच्या दोन पुरवठादारांत खूप वेगळं असू शकतं. पर्यायी पार्ट मंजूर करताना डीसी बायसचा आलेख मागवा.

सेमीकंडक्टरमधला बदल जास्त लपून येतो. उत्पादकाने तोच पार्ट नंबर ठेवून डाय (आतली सिलिकॉनची चिप) लहान केली तर मॉसफेटचा (स्विचिंग ट्रान्झिस्टरचा) गेट चार्ज (तो चालू करायला लागणारा भार) कमी होऊ शकतो, आणि त्याच गेट रेझिस्टरवर तो जास्त वेगाने उघडतो. सिग्नलचा चढण्याचा वेळ २ नॅनोसेकंद असेल तर स्पेक्ट्रमचा दुसरा गुडघा (जिथून पातळी जास्त वेगाने उतरते) १५९ मेगाहर्ट्झला पडतो, १ नॅनोसेकंद झाला की ३१८ ला. त्याच्या वर पातळी ६ डीबीने चढते. प्रॉडक्ट उत्तम चालतं, फंक्शनल टेस्ट पास होते, आणि मार्जिन संपलेलं असतं.

ट्रान्सफॉर्मरमध्ये गुंडाळीतला ताण, थरांमधली टेप आणि शील्ड वाइंडिंगचं टोक कुठे जोडलंय यावर वाइंडिंगमधली धारिता ठरते. पुरवठादाराशी नुसतं इंडक्टन्स आणि लीकेज ठरवलं असेल तर ही धारिता मोकळी सुटते. तीही तपासणीच्या यादीत घाला. यांत्रिक भागांत सर्वांत जास्त त्रास रंगाचा: शील्डच्या टेकणाऱ्या कडेवर पावडर कोटिंगचा थर बसला की तिथला संपर्क गेला. मास्किंगची रेषा ड्रॉइंगवर मिलिमीटरमध्ये लिहा, आणि स्क्रूचा टॉर्क व गास्केट किती दबायला हवं तेही.

फर्मवेअरकडे ईएमसीवाल्यांचं (विद्युतचुंबकीय गोंगाट बघणाऱ्यांचं) लक्षच नसतं. स्प्रेड स्पेक्ट्रम (क्लॉकची फ्रिक्वेन्सी किंचित हलती ठेवणं) चालू करणारा एक बिट असतो. २५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकला ०.५ टक्के स्प्रेड दिला तर २५० मेगाहर्ट्झच्या हार्मोनिकची ऊर्जा १.२५ मेगाहर्ट्झमध्ये पसरते, आणि रिसीव्हरची बँडविड्थ तिथे १२० किलोहर्ट्झ असते. अपडेटमध्ये तो बिट शून्यावर गेला तर त्या एका फ्रिक्वेन्सीवर १० डीबीपर्यंत उडी बसू शकते. पिनची ड्राइव्ह स्ट्रेंग्थही याच वर्गातली. हे रजिस्टर बूटनंतर वाचून फंक्शनल टेस्टमध्येच ताडा.

या सगळ्या पार्ट्सची यादी करून बीओएममध्ये (प्रॉडक्टच्या पूर्ण पार्ट-यादीत) त्यांच्यापुढे खूण करा. खूण असलेला पार्ट बदलायचा असेल तर खरेदी विभागाला ईएमसीची सही लागेल, असा नियम असू द्या. एफसीसीच्या नियमांत "आयडेंटिकल" म्हणजे मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात अपेक्षित असलेल्या फरकाच्या आत सारखं, असं धरलंय. पर्यायी मॉसफेट त्या फरकात आपोआप मोडत नाही. युरोपच्या २०१४/३०/ईयू निर्देशातही मालिकेतलं उत्पादन अनुरूप राहील अशी कार्यपद्धती ठेवण्याची जबाबदारी उत्पादकावरच आहे.

लाइनवर लक्ष ठेवणं

दर आठवड्याला चेंबर (बाहेरचे सिग्नल अडवणारी मोजणीची खोली) परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. केबलमुळे होणारं रेडिएशन करंट प्रोबने लाइनजवळच पकडता येतं. ५० मेगाहर्ट्झला, एक मीटर केबलमध्ये सुमारे ५ मायक्रोअँपिअर कॉमन मोड करंट असला की तीन मीटरवर १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, म्हणजे ४० डीबी, क्षेत्र तयार होतं. ट्रान्सफर इम्पीडन्स (करंटमागे किती व्होल्टेज मिळतं ते प्रमाण) १ ओहम असलेल्या प्रोबवर हे १४ डीबी मायक्रोव्होल्ट दिसतं.

प्रोबची जागा मात्र जिगमध्ये (युनिट आणि केबल धरणाऱ्या सांगाड्यात) पक्की हवी. २५० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी ३० सेंटिमीटर असते, त्यामुळे प्रोब हाताने १० सेंटिमीटर सरकला तरी वाचन बदलतं. प्रोब कनेक्टरपासून ठरलेल्या अंतरावर बसवा, केबल खोबणीत ठेवा, जिगमधून बाहेर पडणाऱ्या टोकावर फेराइट क्लॅम्प लावा. मग चेंबरमध्ये मोजलेली तीच पाच युनिट्स जिगवर मोजा आणि प्रत्येक अडचणीच्या फ्रिक्वेन्सीला दोन्ही आकड्यांचा मेळ बघा. जिथे मेळ बसत नाही तिथे रेडिएशन केबलऐवजी खोक्यातून किंवा बोर्डातून येतंय. त्या फ्रिक्वेन्सीसाठी टेम सेल (छोटी बंदिस्त मोजणी-पेटी) वापरा.

या पाचांपैकी सरासरीच्या सर्वांत जवळचं युनिट सील करून संदर्भ म्हणून ठेवा. जिग रोज त्याच्यावर तपासा. त्याचं वाचन हललं तर दोष जिगचा. नमुन्याचं युनिट संदर्भापेक्षा ३ डीबीने वर गेलं तर त्या लॉटमधून आणखी चार उचला आणि पाचांचा हिशोब करा. बेरीज मर्यादेपलीकडे गेली तर लॉट थांबवा आणि आधी खूण केलेल्या पार्ट्सचे डेट कोड व फर्मवेअरची आवृत्ती संदर्भ युनिटशी ताडा. तिथे काही सापडलं नाही तर फिल्टरचे पार्ट एकेक करून दोन्ही युनिट्समध्ये अदलाबदल करून बघा, दर अदलाबदलीनंतर जिगवर मोजा. ज्या पार्टबरोबर वाचन दुसऱ्या युनिटकडे जातं, तो पकडला.